अंगठा

मंगळवारी ट्रक आला आणि तीत्शे एकतिसावीला घेऊन गेला.
गुरुवारी वीब्रेन आला, दूध काढायचं यंत्र तपासायला.
मधे एक बुधवार. नुसता वारा होता त्या दिवशी.

आमच्याकडे फ्रीसलंडात गाईला तिच्या आईचंच नाव देतात,
पुढचा आकडा तेवढा वाढत जातो.
एकतिसावी त्या घराण्यातली सगळ्यात लाथाळ.
तिसऱ्या खणात उभी राहायची, मागचा पाय अधांतरी,
पेले लावले की झटकून द्यायची.
चारही फरशीवर पडून हवा ओढत फुरफुरायचे.
दुभत्या गाईच्या लाथा गोड असतीलही कुणाला,
बाबांचं मनगट दोनदा सुजलं.
पान्हा चोरते, म्हणाले. जातच खोडसाळ.

मग डेअरीचं पत्र. दुधात पेशी वाढल्या आहेत.
काळ्या तबकात मी तिच्या चार धारा घेतल्या,
वर जांभळं औषध ओतून तबक फिरवलं.
मागच्या डाव्या सडाचं दूध फिरेचना,
शेंबडासारखं एका जागी बसून राहिलं.
बाबांनी तिथंच, गोठ्यातूनच, फोन लावला.

वीब्रेननं आधी पेटी उघडली नाही.
म्हणाला, रिक्स्त, अंगठा दे.
मी दिला, न वाचलेल्या कागदावर देतात तसा.
त्यानं तो पेल्याच्या रबरी तोंडात घातला
आणि पंप चालू केला.

घट्ट. सैल. घट्ट. सैल.
नाही, सैल नाही.
सैल आता होईल असं वाटायचं
तोवर पुन्हा घट्ट.
श्वास सोड म्हणावं आणि अर्ध्यातच नाक दाबावं, तसं.
नखाखालचे ठोके मोजता येत होते.
किती वेळ? मी विचारलं.
सात मिनिटं, दिवसातून दोनदा.
आणि धार आटल्यावरही तुम्ही पेले लावूनच ठेवता,
ती दोन मिनिटं वेगळी.

अंगठा बाहेर आला तो निळा,
बुडाशी वळ,
कुणी न दिलेली अंगठी.

झडपेत पेंडीचा भुसा साचून घट्ट बसला होता.
सुई पन्नासावर. बेचाळिसावर हवी, तो म्हणाला,
आणि काचेवर नखानं टिचकी मारली.
रबर कधी बदललं होतं?
अडीच हजार धारांनंतर बदलायचं असतं म्हणे.
आम्ही मोजणं कधी सोडलं तेही आठवेना.
त्यानं एक उलटं करून दाखवलं:
आतून भेगा, भेगांत शिळं दूध.

मग दिवा घेऊन उरलेल्या गाईंचे सड बघितले.
टोकाशी पांढरी कडा, खरखरीत, चिरलेली,
फावडं धरणाऱ्या तळहातावर असते तशी.
मी त्या कडा रोज पुसत होते.
रोज, ओल्या फडक्यानं, सकाळ-संध्याकाळ.
मला वाटायचं, गाई अशाच असतात.

बाबा दारात उभे होते. कोणी काही बोललं नाही.
त्यांनी स्वतःच बाही मागे सारली,
अंगठा आत घातला
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.
तिसऱ्या मिनिटाला मी विचारलं, बंद करू?
मान हलवली. नको.
सातही मिनिटं उभे राहिले.
नंतर कॉफीचा कप त्यांनी डाव्या हातानं उचलला.

नवी रबरं तीन कोनांची, मऊ ओठांची.
पंप आता खालच्या पट्टीत गातो,
धार थांबली की पेले आपोआप सुटतात.
डेअरीचं पुढचं पत्र अजून यायचंय.

तिसऱ्या खणात आता अडतिसावी असते, तिची लेक.
चारही पाय फरशीवर, तोंडात रवंथ.
हात लागायच्या आधीच पान्हा सोडते.
बाबा अजूनही वाकताना अंग चोरतात,
कोपर वर करून थांबतात.
लाथ येत नाही.
कोपर थोडा वेळ तसंच वर राहतं.